हरणाऱ्या संघाला नेमकं काय कमी आहे? कबड्डीच्या लिलावातून 'गरज' शोधण्याची पद्धत

९ आणि १० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती पाच कोटी रुपये. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तोवर लीगमध्ये इतकी बोली कोणावरच लागली नव्हती. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. टक्क्यांत सांगायचं तर टायटन्सनी मर्यादेतले ५२ टक्के एका माणसावर लावले आणि पुण्याने ४७ टक्के. खर्चाची तऱ्हा जवळपास सारखीच.

निकाल बघा. साखळीतल्या २२ सामन्यांत पुणे १७ जिंकलं, ३ बरोबरीत सुटले, २ हरले. पुढे १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं. टायटन्स २२ पैकी २ जिंकले, १ बरोबरी, १९ हरले. बारा संघांत बारावे. आणि पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. त्याने त्या हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. उलट पुण्याचा एकही चढाईपटू त्या यादीत पहिल्या पाचात नव्हता.

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो. पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमच्या विषयात रिसर्च गॅप काय आहे?" आणि आपण बहुतेक वेळा बाजारात काय गाजतंय ते सांगतो. गॅप म्हणजे बाजारातली सर्वात चमकदार वस्तू नव्हे. आपल्या घरात काय आहे, त्यातलं काय अडतंय, आणि अडलेलं सुटलं तर किती फरक पडेल, या तीन प्रश्नांचं उत्तर म्हणजे गॅप. टायटन्सचा संघ हा प्रश्न पाहायला फार चांगली प्रयोगशाळा आहे, कारण तो सलग तीन हंगाम तळाला राहिला आणि आकडे सगळ्यांसमोर आहेत.

आधी गुणतक्ता नीट वाचू. अकराव्या हंगामापर्यंत नियम असा होता: विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तर १ गुण. या शेवटच्या एका गुणामुळे तक्त्यात एक माहिती लपून बसते. ती काढायला फक्त वजाबाकी लागते.

आठव्या हंगामात टायटन्स: १ विजय, ४ बरोबरी, १७ पराभव, एकूण २७ गुण. विजयाचे ५ आणि बरोबरीचे १२ मिळून १७. उरले १०. म्हणजे १७ पैकी १० पराभव सात किंवा कमी गुणांच्या फरकाने झाले.

नववा हंगाम: २ विजय, २० पराभव, १५ गुण. विजयाचे १० काढले की उरतात ५. म्हणजे २० पैकी फक्त ५ पराभव निसटते, बाकी १५ मोठ्या फरकाचे.

दहावा: २ विजय, १ बरोबरी, १९ पराभव, २१ गुण. तेरा काढले की ८ निसटते पराभव.

तिन्ही वर्षी संघ शेवटचा. बातमीत तिन्ही वर्षी 'दारुण कामगिरी' असाच मथळा शोभेल. पण आजार तीन वेळा एकच नव्हता. आठव्या हंगामातला संघ बहुतेक सामन्यांत शेवटपर्यंत झुंजत होता. त्यांचा मुख्य चढाईपटू सिद्धार्थ देसाई, ज्याच्यावर १ कोटी ३० लाख लागले होते, तो दुखापतीमुळे सुरुवातीलाच बाहेर गेला होता. अशा संघाला निम्मी माणसं बदलायची गरज असतेच असं नाही. एक चांगला दुसरा चढाईपटू आणि थोडं नशीब इतकं पुरलं असतं, असं माझं मत. (मत म्हणतोय. सिद्ध करायला सामन्यागणिक माहिती लागेल.) नवव्या हंगामासाठी मात्र त्यांनी सुरजित सिंग, रविंदर पहल, विशाल भारद्वाज, मोनू गोयत, अभिषेक सिंग अशी एकापेक्षा एक नावाजलेली माणसं गोळा केली. विजय एकाचे दोन झाले आणि निसटत्या पराभवांच्या जागी मोठे पराभव आले. नुसता विजयांचा रकाना पाहणाऱ्याला सुधारणा दिसेल. पूर्ण ओळ वाचणाऱ्याला घसरण दिसेल.

तर पहिली पायरी ही: संघ हरतोय हे लक्षण आहे, निदान नव्हे.

आता हरणाऱ्या संघाचं निदान अवघड का असतं, ते पाहू. जिंकणाऱ्या संघात एखादा कच्चा दुवा लगेच नजरेत येतो. हरणाऱ्या संघात सगळेच कच्चे दिसतात, कारण कबड्डीत एकाचं अपयश दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. खेळाचा नियमच तसा आहे. बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की बाद झालेल्यांपैकी पहिला आत येतो. बोनस गुणाने कोणी आत येत नाही. म्हणजे तुमचा सर्वोत्तम चढाईपटू मैदानावर किती वेळ असेल हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. तो बाद झाल्यावर कोपरारक्षक पकड करतो का, दुसरा चढाईपटू एखादा गडी टिपून आणतो का, यावर त्याचं परत येणं अवलंबून.

हे आकड्यांत मांडू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या सामन्याचे नाहीत.

४० मिनिटांचा सामना, ३० सेकंदांची चढाई, म्हणजे दोन्ही संघ मिळून साधारण ८० चढाया, आपल्या वाट्याला ४०. आपली एक आणि त्यांची एक चढाई मिळून एक 'फेरी' म्हणू. आपला हुकमी चढाईपटू मैदानात असताना दर दहा चढायांपैकी सहा तो करतो. त्याच्या प्रत्येक चढाईत बाद होण्याची शक्यता ०.२. म्हणून दर फेरीला तो बाद होण्याची शक्यता ०.६ × ०.२ = ०.१२, आणि सरासरीने तो १ ÷ ०.१२, म्हणजे सुमारे ८.३ फेऱ्या मैदानात टिकतो.

आता दोन संघ घ्या. पहिल्यात बचाव चांगला आहे, तो बाद झाला की सरासरी २ फेऱ्यांत परत येतो. मैदानावरचा त्याचा वाटा ८.३ भागिले १०.३, म्हणजे ८१ टक्के. दुसऱ्यात बचाव कच्चा, परत यायला ६ फेऱ्या लागतात. वाटा ८.३ भागिले १४.३, म्हणजे ५८ टक्के. ४० फेऱ्यांत पहिल्या संघात तो १९ च्या वर चढाया करेल, दुसऱ्यात १४. चढाईमागे ०.६ गुण धरले तर पहिल्याकडे ११.६ आणि दुसऱ्याकडे ८.४. माणूस तोच, कसब तेच, पैसे तेवढेच. सामन्यामागे तीनहून अधिक गुण बचावाने खाल्ले. आणि तो बाहेर असताना कमी कसबाचे लोक चढाया करतात, ते जास्त बाद होतात, त्याचा तोटा वेगळाच. लोण बसला की सगळे परत आत येतात, ते मी इथे धरलेलं नाही. कोणाला प्रोग्रॅमिंग येत असेल तर त्यांनी धरून पाहावं, शे-दीडशे ओळींचं काम आहे.

या हिशेबातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण लिलावाच्या सभागृहात विसरली जाते. चढाईचे आकडे वाढवायचे तर कधीकधी बचावपटू विकत घ्यावा लागतो.

बचावाच्या आतही हेच. पकड एकट्याने क्वचित होते. कोपरारक्षकाने घोटा किंवा मांडी धरली, की मध्यरक्षकाने वेळेवर येऊन माणूस रोखावा लागतो. दोन्ही गोष्टी घडल्या तरच गुण. मग शक्यतांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. कोपरा ०.९ आणि मध्य ०.४ असेल तर एकत्र ०.३६. कोपऱ्याला जगातला सर्वोत्तम माणूस आणून ०.९ चे १.० केलेत तरी हाती ०.४०. तेच मध्यरक्षक ०.४ वरून नुसता बरा, म्हणजे ०.६ केलात तर ०.५४. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांनी १९९३ मध्ये उत्पादनाबद्दल असाच विचार मांडला आणि त्याला 'ओ-रिंग सिद्धांत' हे नाव दिलं. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान ज्या रबरी कड्यामुळे फुटलं, त्यावरून. साखळीतली एक स्वस्त कडी निकामी झाली की बाकीच्या महागड्या कड्यांचं मोल शून्याकडे जातं. पुढे २०१३ मध्ये ख्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली यांनी फुटबॉलबद्दल पुस्तक लिहिताना हाच धागा पकडला: संघातला सर्वात कच्चा खेळाडू सुधारणं हे सर्वात चांगल्याला आणखी चांगलं करण्याइतकंच, किंबहुना जास्त, मोलाचं ठरतं.

आता पुण्याचा कागद मांडू. व्यवस्थापनाच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपण बाजूला ठेवू. बाहेरून पाहणाऱ्यालाही हे लिहिता आलं असतं. नवव्या हंगामात पुणे अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असं हरलं होतं. नंतर त्यांनी फझल अत्राचलीला सोडलं. फझल म्हणजे डावा कोपरा. हातात राहिले कोण? चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. उजव्या कोपऱ्याला गौरव खत्री. मध्यरक्षक अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. मैदानात माणसं सात लागतात: तीन चढाईपटू, दोन मध्यरक्षक, एक उजवा कोपरा, झाले सहा. सातवी जागा रिकामी, आणि ती नेमकी डाव्या कोपऱ्याची. शादलू डावा कोपरारक्षक. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक, ९९ गुण त्याचेच.

इथे एक संज्ञा कामाची आहे. खेळाडूचं मोल त्याच्या एकूण गुणांवर ठरत नाही. तो नसता तर त्या जागी जो उभा राहिला असता, त्याच्यापेक्षा तो किती जास्त देतो यावर ठरतं. बेसबॉलवाल्यांनी हे मोजायची पद्धत रुळवली, पण कल्पना आपल्या गावाकडच्या कोणालाही कळते. सारोळ्याकडे, भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात, यात्रेच्या कबड्डीसाठी संघ जमवायला बसलात तर चढाई करतो म्हणणारे हात भराभर वर होतात. कोपऱ्याला कोण, विचारलं की शांतता. गावात आधीच चार चढाईपटू असताना पाचवा कितीही भारी आला तरी तो चौथ्याच्या जागी खेळणार, आणि फरक पाचवा वजा चौथा एवढाच. कोपऱ्याला मात्र कोणीच नसेल तर मध्यम माणूसही सामना फिरवतो. पुण्याकडे २०२३ मध्ये पवनसाठी पैसे असते तरी तो पुण्याला शादलूइतका उपयोगी पडला नसता, असं मी म्हणेन.

आकडे गोळा करताना काही खड्डे असतात, तेही सांगतो. पहिला, एकूण गुणांची यादी. जो जास्त सामने खेळला, ज्याच्या संघाने त्यालाच सारखं पाठवलं, त्याचे गुण जास्त. म्हणून दर चढाईमागचे गुण, बाद होण्याचं प्रमाण, तिसऱ्या चढाईतलं यश वेगवेगळं पाहावं. तिसरी चढाई म्हणजे 'करो या मरो': लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. दुसरा खड्डा म्हणजे हरलेल्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं. आघाडीवरचा संघ वेळ काढत असतो, राखीव खेळाडूंना संधी देतो, आणि पिछाडीवरच्या संघाच्या चढाईपटूला सोपे गुण मिळतात. तळाच्या संघातल्या खेळाडूचे आकडे यामुळे फुगतात. तिसरा, बोनस. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. म्हणजे आपण पिछाडीवर असताना, समोरचा संघ भरलेला असताना, बोनसची संधी वाढते. पण बोनसने आपला बसलेला माणूस आत येत नाही. एकाच 'एक गुणा'ची किंमत परिस्थितीनुसार बदलते.

चौथा खड्डा मोठा आहे: ताजी आठवण. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. भारताचा कर्णधार पवन, इराणच्या संघात शादलू. दोनच दिवसांनी लिलाव. वर्षभराच्या आकड्यांपेक्षा परवाचा सामना डोळ्यांसमोर जास्त ठळक असतो, आणि सभागृहात बसलेली माणसंच असतात. त्यात लिलावाचा स्वभाव असा की, बारा जण एका खेळाडूचं मोल आपापल्या परीने अंदाजतात आणि जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वात चढा. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी बरोबर असली तरी विजेत्याने जास्तच मोजलेले असतात. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. १९७१ मध्ये तीन अमेरिकन अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावाबद्दल हे पहिल्यांदा नीट मांडलं. म्हणून गरजेचा कागद आणि कमाल किंमत दोन्ही बोली सुरू होण्याआधी लिहून ठेवायचे असतात. आपल्याकडे संशोधनात प्रयोगाआधी गृहीतक नोंदवून ठेवतात, ते याच कारणासाठी.

आता कोणी म्हणेल, मग नियम सापडला: चढाईपटू सोडा, शादलू घ्या. अकराव्या हंगामात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला पाटण्याला ३२-२३ हरवून ते पहिल्यांदा विजेते झाले. सलग दोन हंगाम, दोन वेगळे संघ, दोन विजेतेपदं, शादलू दोन्हीत. परीसच म्हणायचा! पण जरा थांबून पाहा, तो गेला कुठे. २०२३ मध्ये तो ज्या संघात गेला तो आधीच्या हंगामाचा उपविजेता. २०२४ मध्येही तो गेला तो आधीच्या हंगामाचा उपविजेताच. म्हणजे दोन्ही वेळा सातातले सहा जागेवर होते. बाराव्या हंगामात गुजरातने त्याच्यावर २ कोटी २३ लाख लावले. गुजरात आधीच्या हंगामात पहिल्या सहातही नव्हतं. आणि त्याला घेऊनही ते पहिल्या आठात येऊ शकले नाहीत. त्याच लिलावात बंगालने अकराव्या हंगामातला सर्वाधिक गुणांचा चढाईपटू देवांक दलाल २ कोटी २० लाख ५० हजारांना घेतला. बंगालही पहिल्या आठाबाहेरच राहिलं. चढाईपटू की बचावपटू, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या शेजारी, हे त्यात यायला हवं. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात: 'अ' चा परिणाम 'ब' किती आहे त्यावर ठरतो, आणि 'अ' चा सुटा परिणाम विचारणं निरर्थक होतं.

टायटन्सची पुढची गोष्ट याला पूरक आहे. अकराव्या हंगामाच्या लिलावात त्यांनी पवनवरची शेवटची बोली जुळवण्याचा हक्क वापरून त्यालाच परत घेतलं, पण १ कोटी ७२ लाख ५० हजारांना. ८८ लाख मोकळे झाले. कृष्णकुमार हुडा प्रशिक्षक म्हणून आले. २२ पैकी १२ सामने जिंकले. पवन दुखापतीमुळे काही सामने बाहेर होता, तरी विजय मलिक आणि आशिष नरवाल यांनी चढाईची बाजू सांभाळली. बाराव्या हंगामात पवन संघातच नव्हता, विजय मलिक कर्णधार, आणि टायटन्स क्वालिफायर २ पर्यंत गेले. तिथे पुण्याने त्यांना रोखलं. दोन विजयांच्या वर्षी पवन होता, बाराच्या वर्षीही होता. त्यामुळे 'पवनमुळे हरले' म्हणणंही तितकंच चूक. एकाच वेळी प्रशिक्षक बदलला, पैशांची वाटणी बदलली, माणसं बदलली. कुठल्या एका बदलाला श्रेय द्यावं हे या माहितीवरून सुटं करता येत नाही. थोडंफार आपोआपही सुधारतं: तळाला गेलेला संघ आणखी खाली जाऊच शकत नाही, आणि अतिवाईट वर्षानंतर साधारण वर्ष येण्याची शक्यता असतेच. पण सलग तीन वर्षं शेवटचा राहिलेला संघ नुसत्या नशिबाने तिथे राहिला, असं म्हणणं जड जातं.

ज्यांना बास्केटबॉल आवडतो त्यांच्यासाठी थोडं तिकडचं. अमेरिकेच्या एनबीएत नव्या खेळाडूंचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. (आपल्याकडे अल्टिमेट खो-खोने ड्राफ्टची पद्धत घेतली, त्यांचा पहिला हंगाम २०२२ मध्ये बालेवाडीलाच झाला.) ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नसते, निवडीची पाळी असते, आणि हरणाऱ्या संघांना आधीची पाळी मिळण्याची शक्यता जास्त ठेवलेली असते. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिली पाळी मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के आहे. सॅन अँटोनियो स्पर्स २०२२-२३ मध्ये २२ सामने जिंकले, ६० हरले. पहिली पाळी लागली आणि त्यांनी व्हिक्टर वेम्बन्यामाला घेतलं. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. आणि संघ २०२३-२४ मध्ये? २२ विजय, ६० पराभव. बरोबर तेवढेच. बास्केटबॉलमध्ये मैदानात पाचच जण आणि बाद होऊन बसण्याची भानगड नाही, म्हणजे एका माणसाचा वाटा कबड्डीपेक्षा मोठा, तरीही.

पण ड्राफ्टमध्ये 'गरज बघून घ्या' हा सल्ला उलटतोही. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये दुसरी पाळी पोर्टलंडची होती. त्यांच्याकडे मायकेल जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षीच आला होता, म्हणून त्यांनी उंच सेंटर सॅम बोवीला घेतलं. तिसऱ्या पाळीला शिकागोने जॉर्डन घेतला. बोवीची कारकीर्द दुखापतींनी पोखरली. पोर्टलंडचं गरजेचं विश्लेषण त्या दिवसापुरतं चूक नव्हतं. मुदत चुकली होती. ड्राफ्टमधला विशीचा मुलगा दहा-बारा वर्षं खेळणार असतो, आणि दहा वर्षांत आजची रिकामी जागा दहा वेळा बदलते. तिथे गुणवत्तेला झुकतं माप द्यावं. प्रो कबड्डीत हंगाम-दोन हंगामांनी संघ पुन्हा विस्कटतो, तिथे आजची रिकामी जागा जास्त महत्त्वाची. तुमच्या कामातही तसंच: तीन महिन्यांच्या एमएस्सी प्रकल्पासाठी प्रयोगशाळेतली आजची रिकामी जागा बघा, पाच वर्षांच्या पीएचडीसाठी ती पाच वर्षं रिकामी राहील का तेही बघा.

मधला एक रस्ता पुण्याने दाखवला, त्याचा उल्लेख राहायला नको. पहिल्या दोन हंगामांत पुणे आठ संघांत आठवं होतं. आठव्या हंगामात संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती, सुरुवात खराब झाली, आणि प्रशिक्षक अनुप कुमारने अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम आणि हरियाणाचा मोहित या नव्या पोरांवर भार टाकला. संघ बाद फेरीत पोचला. दोन वर्षांनी तोच अस्लम विजेत्या संघाचा कर्णधार आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. सातातले सहा जागेवर असण्यामागे ही तयारी होती, आणि तिच्यावर फार पैसे गेले नव्हते, म्हणूनच सातव्या जागेसाठी २ कोटी ३५ लाख उरले. हे लिलावाच्या रात्री करता येत नाही.

करून पाहायचं असेल तर बेंगळुरू बुल्स घ्या. अकराव्या हंगामात २ विजय, १ बरोबरी, १९ पराभव, १९ गुण, बारावं स्थान. वरची वजाबाकी केलीत तर ६ निसटते पराभव मिळतील. पुढच्या हंगामात पुण्याला जिंकवून दिलेले बी. सी. रमेश तिथे प्रशिक्षक झाले आणि संघ थेट पहिल्या आठात आला. दोन्ही वर्षांचे सात-सात खेळाडू जागेनिशी शेजारी लिहा आणि कुठली जागा बदलली ते बघा. बाराव्या हंगामासाठी मात्र वजाबाकीची युक्ती चालणार नाही: विजयाला २ गुण, पराभवाला शून्य असा नियम झालाय, त्यामुळे गुणतक्त्यातली निसटत्या पराभवांची माहिती गेली. सामन्यागणिक गुणफलक उतरवून घ्यावे लागतील. वेळ जाईल, पण वही काढून बसलात तर एका रविवारचं काम आहे.